चालता चालता बंद पडणारं इंजिन : टाकीपासून नोझलपर्यंत

डिझेल इंजिन मुळीच सुरू होत नसेल तर ते एका परीनं बरं. बिघाड एका जागी ठाण मांडून बसलेला असतो, मिस्त्री येतो, हुडकून काढतो. जीव खातं ते दुसरं. सकाळी एका हँडलात सुरू होतं, पाऊण तास झकास पाणी ओढतं, आणि तुम्ही हरभऱ्याच्या तिसऱ्या वाफ्यावर पोचलात की मागं आवाज खाली खाली जात बंद. परत या, हँडल मारा, पुन्हा सुरू. मिस्त्रीला बोलावलं की त्याच्यासमोर दोन तास शहाण्या पोरासारखं चालतं आणि तुम्हीच खोटे पडता.

आमचा आखाडा, म्हणजे शेतातलं घर-गोठा, परभणी जिल्ह्यात, गोदावरीच्या काठी. विहिरीवर विजेची मोटार आहे, पण रब्बीत बंधाऱ्याच्या फुगवट्यातलं पाणी उचलायला अजून इंजिनच लागतं : ५ हॉर्सपॉवर, एका सिलिंडरचं, पाण्यानं थंड होणारं, पट्ट्यावर पंप चालवणारं. बैलगाडीत घालून नदीवर नेतो, काम झालं की परत आणतो. या इंजिनानं मला एका हंगामात बराच खर्च करायला लावला आणि शेवटी बिघाड निघाला फुकटचा. तो पुढं सांगतो. तेव्हापासून माझा नियम एकच : टाकीपासून नोझलपर्यंत (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं तोंड) स्वतः हात फिरवल्याशिवाय डिझेल पंपाला कुणाचा पाना लागू द्यायचा नाही.

आधी वही, मग पाना

इंजिन बंद पडलं की लगेच हँडलकडं धावू नका. किती मिनिटं चाललं, टाकीत डिझेल किती होतं, बंद पडताना आवाज कसा गेला, धूर कोणत्या रंगाचा होता, हे लिहून ठेवा. दोन-तीन वेळच्या नोंदी झाल्या की अर्धं निदान हातात येतं.

आवाज हळूहळू बसत, मध्येच एकदा उसळी घेत, मग विझला तर इंजिन उपाशी मेलं. डिझेल पोचत नाही. आवाज जड होत गेला, काळा धूर ओकला आणि धापा टाकत थांबलं तर भार जास्त झाला किंवा हवा कमी पडली. एकदम गच्च थांबलं आणि हँडलही फिरेना, तर तापून पिस्टन धरलाय. तिथं जोर करू नका, तासभर निवू द्या.

दर वेळी साधारण तेवढ्याच मिनिटांनी बंद पडत असेल तर संशय टाकीकडं. वेळेचा काही मेळच नसेल तर कचरा, पाणी किंवा ढिला सांधा.

हात घालण्यापूर्वी

हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, मूठ आवळू नका. इंजिन उलटा झटका देतं तेव्हा अंगठा पलीकडं असला तर मनगट जातं. उपरणं, पदर, ओढणी, सैल बाही पट्ट्याजवळ नको. नोझल बाहेर काढून फवारा बघायचा झाला तर हात, बोट, तोंड समोर आणायचं नाही. त्या फवाऱ्याला दीडशे-दोनशे किलोचा दाब असतो, डिझेल कातडीतून आत शिरतं. बाहेरून टोचल्याएवढी खूण दिसते आणि आतून हात सडू शकतो. असं कुणाला झालं तर दुखत नसलं तरी त्याच तासाला दवाखाना.

आणि विहिरीत इंजिन उतरवू नका. कारण समजून घ्या : पंप पाण्याच्या पातळीपासून साधारण ६-७ मीटरच्या वर असला तर ओढत नाही (हिशोबानं हवेचा दाब १० मीटरपर्यंत पाणी चढवतो, पण पाइप, सांधे आणि पाइपाच्या तळाची झडप, म्हणजे फूटव्हॉल्व्ह, त्यातलं बरंच खातात). आपल्या विहिरी खोल, म्हणून लोक कठड्याखाली टप्पा करून इंजिन तिथं बसवतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड त्या खड्ड्यात साठतो. त्याला वास नसतो. इंजिन बंद पडलं म्हणून बघायला उतरलेला माणूस वर येत नाही, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही.

इंजिन आजारी की पंप?

पहिली परीक्षा सोपी. पट्टा काढा आणि इंजिन मोकळं चालवा. मोकळं तासभर नीट चाललं आणि पट्टा चढवल्यावर दम टाकलं, तर आधी पंपाकडं बघा : ग्लँड (शाफ्टभोवती पाणी अडवणारं पॅकिंग) फार आवळलीय का, बेअरिंग गेलंय का, पट्टा नको तितका ताणलाय का. पंपाचा शाफ्ट हातानं फिरवून पाहा, सहज फिरला पाहिजे. ग्लँडमधून थेंब थेंब पाणी पडणं चांगलं. ती ठणठणीत कोरडी करणारे लोक इंजिनावर ब्रेक लावून ठेवतात.

मात्र मोकळं चाललं म्हणजे इंजिन निर्दोष, असंही समजू नका. मोकळ्या इंजिनाला डिझेल थोडं लागतं. अर्धवट चोंदलेलं फिल्टर तेवढं पुरवतं आणि भार आला की उघडं पडतं.

डिझेलची वाट

रुडॉल्फ डिझेलचं इंजिन जर्मनीत १८९७ साली चालून दाखवलं गेलं, तेव्हापासून तत्त्व तेच आहे. ठिणगी नाही. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडला की पेट घेतो. म्हणजे लागतं काय, तर दाबलेली हवा आणि वेळेवर आलेला फवारा. हवा सहसा दगा देत नाही. फवारा देतो.

तो किती नाजूक असतो बघा. ५ हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण भारावर तासाला साधारण लिटरभर डिझेल खातं. मिनिटाला १५०० फेरे धरले तर नोझल मिनिटाला ७५० वेळा फवारतं, तासाला ४५,०००. लिटरला तेवढ्यानं भागा : एका फवाऱ्याच्या वाट्याला अर्धा थेंबसुद्धा येत नाही. एवढ्याशा डिझेलच्या वाटेत मोहरीएवढा हवेचा बुडबुडा आला तरी डिझेल पंपाचा सगळा जोर तो बुडबुडा चेपण्यात जातो, नोझल उघडतच नाही.

म्हणून टाकीपासून सुरुवात.

झाकण. टाकीच्या झाकणाला बारीक भोक असतं. लिटरभर डिझेल खाली गेलं तर लिटरभर हवा आत यायला हवी, ती या भोकातून येते. माझी गंमत इथंच झाली. दर वेळी चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी बंद. एकानं नोझल बदललं, दुसऱ्यानं डिझेल पंपाचा एलिमेंट (आतला डिझेल दाबणारा दट्ट्या) बदलला, तिसरा म्हणाला हेड उतरवू. त्या दिवशी बंद पडल्यावर सहज टाकीत डिझेल किती आहे बघायला झाकण फिरवलं, तर ‘फुस्स’ करून हवा आत गेली. धूळ जाऊ नये म्हणून आमच्या गड्यानं झाकणाखाली दुधाच्या पिशवीचा तुकडा घट्ट बसवला होता. बिचाऱ्यानं काळजीपोटीच केलेलं. तुकडा काढला, टाचणीनं भोक मोकळं केलं, आणि इंजिन त्या दिवशी टाकी संपेपर्यंत चाललं. तेव्हा परीक्षा ही : बंद पडल्या पडल्या झाकण उघडा. फुस्स झालं, किंवा झाकण ढिलं ठेवून इंजिन बंद पडेनासं झालं, तर बिघाड सापडला.

टाकीचा तळ. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून पाणी आणि गाळ तळाला. तळाच्या बोल्टखाली काचेची बाटली धरून पाव लिटर काढा आणि अर्धा तास ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर पाणी आहे. सगळं डिझेल उपसा, टाकी डिझेलनंच धुवा. चिंधीनं पुसू नका, तिचे धागे कॉकमध्ये जाऊन बसतात.

आमच्या इंजिनाची आणखी एक खोड : घरी ओट्यावर छान चालायचं, नदीवर नेलं की आचके. बैलगाडीच्या हादऱ्यांनी तळाचा गाळ ढवळून वर यायचा. पुढं एका कोकणातल्या ओळखीच्यांनी सांगितलं की त्यांच्या शिडाच्या होडीतलं छोटं डिझेल इंजिनही बंदरात चालतं आणि लाटांवर बंद पडतं, ते याच कारणानं. समुद्र आणि आमची पांदण, दोन्हीकडं टाकीच हलते. तेव्हापासून टाकी रिकामी करून नेतो आणि नदीवर पोचल्यावर कॅनमधून भरतो.

ते कॅनही बघून घ्या. डिझेल आणल्यावर एक रात्र न हलवता ठेवायचं, वरचं वापरायचं, तळाचं चार बोटं सोडून द्यायचं. भरताना जाळीचं नरसाळं. काळ्या मातीची धूळ पिठासारखी असते, फडक्यातूनही जाते, पण जाळी काडीकचरा तरी अडवते. रात्री टाकी अर्धी रिकामी ठेवली तर थंडीत आतल्या हवेतली वाफ पाणी होऊन भिंतीला धरते, म्हणून हंगामात संध्याकाळी टाकी भरून ठेवणं बरं.

कॉक आणि पाइप. पाइप फिल्टरच्या बाजूनं सोडा, कॉक उघडा. धार करंगळीएवढी, न तुटता यायला हवी. थेंब थेंब येत असेल तर कॉक काढून फुंका. जुना रबरी पाइप बाहेरून धडधाकट आणि आतून सुजून चिकटलेला असतो. आठवडी बाजारातला साधा पाण्याचा पाइप डिझेलला लावला की वर्षात हीच गत होते.

फिल्टर. कापडी किंवा कागदी, काळं पडलं असेल तर बदला. कागदी फिल्टर धुऊन परत बसवायची कंजुशी करू नका.

आता कॅनची युक्ती, माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत कामाची. पाच लिटरचा स्वच्छ कॅन, झाकणाला भोक पाडून, इंजिनापेक्षा उंच बाभळीच्या फांदीला बांधा आणि त्यातून थेट फिल्टरला पारदर्शक प्लास्टिकचा पाइप जोडा. टाकी पूर्ण बाजूला. इंजिन दोन तास चाललं तर दोष टाकी, कॉक किंवा जुन्या पाइपात. तरीही बंद पडलं तर दोष फिल्टरच्या पुढं. आणि पारदर्शक पाइपातून बुडबुडे जाताना दिसले तर ते कुठून येतात तेही डोळ्यांनी कळतं. हे काम झालं की पाइप काढून ठेवा, उन्हात तो कडक होऊन तडकतो.

एअर काढणं

वाटेत काहीही उघडलं की एअर शिरते, ती काढल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. घाई केली की हेच काम तीनदा करावं लागतं.

टाकी निम्म्यावर तरी भरा, कॉक उघडा. फिल्टरच्या डोक्यावरचा एअर-स्क्रू एक-दीड फेरा ढिला करा. आधी मोठे बुडबुडे येतील, मग साबणाच्या फेसासारखे बारीक, मग काचेसारखी धार. धार आली की बहुतेक जण स्क्रू आवळतात. थांबा, वीस आकडे मोजा. एक चुकार बुडबुडा हमखास मागून येतो. तो गेल्यावर, धार चालू असतानाच आवळा.

मग डिझेल पंपावरचा स्क्रू, तशाच रीतीनं. मग नोझलला जाणाऱ्या लोखंडी नळीचा नोझलकडचा नट अर्धा फेरा ढिला करा, डिझेलचा दांडा चालू स्थितीत ठेवा, डिकॉम्प्रेशनचा लिव्हर (व्हॉल्व्ह उघडा धरून सिलिंडरचा दाब सोडणारा) उचला आणि कुणाला तरी हँडल सावकाश फिरवायला सांगा. नटाच्या बाजूनं दर दोन फेऱ्यांना डिझेल उडायला लागलं, फेस थांबला, की नट आवळा. आता हँडल फिरवताना नोझलमधून ‘कर्र कर्र’ ऐकू येईल. तो आवाज आला की मी मनातल्या मनात चहा टाकायला सांगतो. मग लिव्हर उचलूनच हँडल जोरात फिरवा, वेग आला की लिव्हर टाका.

रोज सकाळी एअर काढावी लागत असेल तर ती कुठून तरी रोज शिरतेय. टाकी वर असेल तर ढिल्या सांध्यातून सहसा डिझेल पाझरतं, म्हणून रात्री सांध्यांखाली कोरडा कागद ठेवा, सकाळी डाग सांगतो. टाकी खाली आणि फीड पंप ओढणारा असेल तर मात्र बाहेर थेंब न दिसता हवा आत जाते. दोषी बहुतेक तांब्याचा वायसर, म्हणजे सांध्यातली चकती. तो दरवेळी नवा घ्यायची गरज नाही : चुलीत लालबुंद करा, पाण्यात बुडवा, मऊ पडतो आणि पुन्हा नीट बसतो.

सांधे कोरडे, फिल्टर नवं, आणि तरीही सकाळी कर्र नाही? तेव्हा डिझेल पंपाच्या डिलिव्हरी व्हॉल्व्हमध्ये (नोझलकडं डिझेल सोडणारी झडप) कचरा किंवा एलिमेंट झिजलेला. हे काम शेतात उघड्यावर नको, ज्याच्याकडं टेस्टिंगचं यंत्र आहे त्याच्याकडं नेऊन द्या. नोझलही तिथंच तपासतात. फवारा धुक्यासारखा पडायला हवा, आणि नंतर टोक कोरडं राहायला हवं. टोकाला थेंब लोंबत असेल तर इंजिन ठोकतं आणि धूर काळा करतं.

आवाज सारखा वर-खाली झुलत असेल, भार बदललेला नसताना, तर एअर नाहीतर गव्हर्नरची (इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग) जोडणी चिकटलीय. दहा महिने पडून असलेल्या इंजिनात डिझेलचा डिंक होतो आणि रॅक (पंपातला डिझेल कमी-जास्त करणारा सरकता दांडा) अडकत चालतो. डिझेलनं धुऊन बोटानं सरकवून बघा. लोण्यासारखा सरकला पाहिजे.

हवा, दाब आणि टॅपेट

हे थोडक्यात. एअर क्लीनरच्या वाटीत ऑइल खुणेपर्यंतच. जास्त भरलं तर इंजिन ते ओढून घेतं आणि पळत सुटतं. डिझेल तोडूनही थांबत नाही, कारण ते ऑइल खात असतं. अशा वेळी हवेच्या तोंडावर लाकडी फळी दाबा किंवा लिव्हर उचला; हात लावू नका, पोतंही नको.

दाब बघायला लिव्हर न उचलता हँडल सावकाश फिरवा. दाबावर आल्यावर फ्लायव्हील मागं उसळी मारत असेल तर ठीक. फुसकन मावळत असेल तर कान लावा : सायलेन्सरमधून फुसफुस म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर क्लीनरमधून म्हणजे इनलेट, ऑइल भरायच्या तोंडातून म्हणजे पिस्टनच्या रिंगा. रिंगा गेल्या असतील तर निळा धूर आधीच सांगत असतो.

टॅपेटचं अंतर (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा हात यांतली फट) तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात असतं, ते थंड इंजिनावर बघायचं. फट मोजायच्या पट्ट्या, म्हणजे फीलर गेज, नसेल तर दाढीचं साधं ब्लेड ०.१० मिमी असतं, ०.२० हवं असेल तर दोन ब्लेडं एकावर एक. आमच्या जुन्या मिस्त्रीचा हा जुगाड, आणि गेज लावून पाहिला तेव्हा बरोबर निघाला.

ताप

बऱ्याच पंपसेटना थंड करायचं पाणी पाण्याच्या पंपाच्या डिलिव्हरीतूनच छोट्या नळीनं येतं. म्हणजे फूटव्हॉल्व्ह गळका, पंपानं पाणी ओढणं सोडलं, तर इंजिन चालूच राहतं आणि कोरडं तापतं. पाणी देणारा माणूस लांब असेल तर त्याला कळतं तेव्हा पिस्टननं लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) धरलेला असतो. पाट आटला की पळत यायचं, ही शिस्त मुलांनाही लावा. तापलेल्या हेडवर गार पाणी मात्र ओतू नका, ते तडकतं.

बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर हेडच्या पाण्याच्या वाटा आतून पांढऱ्या दगडानं बुजतात. परतीच्या पाण्याची धार दर हंगामात बारीक होत गेली तर समजा. उलट, नदीचं गार पाणी पूर्ण कॉक उघडून सोडलं की इंजिन कधी तापतच नाही, डिझेल नीट जळत नाही आणि पांढुरका धूर येतो. परतीचं पाणी चांगलं गरम हवं, वाफाळतं नको. कॉक त्या हिशोबानं चेपा.

ऑइल साधारण २५० तासांनी बदला, रोज सुरू करण्यापूर्वी पट्टीवर बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. पातळी न भरता वाढली आणि वास डिझेलचा आला तर पंपाकडून डिझेल गळतंय. दोन्हीत इंजिन चालवू नका.

हंगाम संपला की

टाकी, फिल्टर रिकामं करा, ऑइल बदलून पाच मिनिटं चालवा, पाण्याच्या वाटा निथळू द्या. फ्लायव्हील दाबावर आणून ठेवा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात आणि आत ओल जात नाही. पट्टा काढून आत टांगा, उंदरांपासून लांब. सायलेन्सरच्या तोंडावर पत्र्याचा रिकामा डबा पालथा घाला, नाहीतर पावसाचं पाणी थेट सिलिंडरमध्ये. आणि त्या डब्याला लाल चिंधी बांधून तिचं दुसरं टोक हँडलला बांधून ठेवा. पुढच्या साली पहिलं हँडल मारताना डबा काढायचा राहून जातो. आमचा शेजारच्या पत्र्यावर जाऊन पडला होता.